चौदा पायऱ्यांचा पाल्य

शनिवारी दुपारी रोझविथा केखेले जिना झाडायच्या पाळीची पाटी भावाच्या, एबरहार्टच्या, दारावर अडकवायला वर गेली, तेव्हा दार अर्धवट उघडं होतं आणि आत खोकीच खोकी रचलेली दिसली. एका खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हाइलब्रॉन' लिहिलेलं होतं. हाइलब्रॉन शहरात एबरहार्टची मुलगी राहते. रोझविथाने पाटी कडीला अडकवली आणि शब्द न बोलता खाली आली.

शब्द न बोलता यात नवल काही नव्हतं. हे दोघं सख्खे बहीणभाऊ, ती बहात्तरची, तो एकोणसत्तरचा, ती खाली, तो वर, आणि गेली अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही. भांडण म्हणाल तर शेवयांच्या फळीवरून. आई गेली तेव्हा तिच्या वस्तूंची निम्मी-निम्मी वाटणी झाली. आमच्या डोंगराळ भागात वाटणी म्हणजे वाटणी, चमचेसुद्धा मोजून. सगळं जोडीजोडीने वाटलं गेलं आणि ओली कणीक ज्या लाकडी फळीवरून खरवडून उकळत्या पाण्यात सोडतात, ती आईची फळी एकटी उरली. दोघांनाही ती हवी होती. एबरहार्टने करवत आणली, फूटपट्टी लावून मध्य काढला आणि कापली. बहिणीला मुठीकडचा भाग दिला, धारेकडचा स्वतः ठेवला. त्या दिवसापासून रोझविथाकडे नुसती मूठ आहे, त्याच्याकडे नुसती धार, आणि दोघंही दुकानातल्या पाकिटातल्या शेवया खातात. असल्या माणसांना काय म्हणावं!

संबंध उरला होता तो फक्त त्या पाटीचा. आमच्या लिंडेनश्टाइग गावात जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने बदलते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी, आणि आपला आठवडा संपला की शनिवारी ती दुसऱ्याच्या दारावर लावायची. अकरा वर्षांत दोघांपैकी एकानेही एकही शनिवार चुकवला नव्हता. एकदा रोझविथाला ताप होता, तरी ती रांगत जाऊन पाटी लावून आली.

आणि जिना तरी कसला! चौदा पायऱ्या. घरात पूर्वापार चालत आलेलं की विषम पायऱ्या खालच्या मजल्याच्या, सम वरच्या. आई होती तोवर ही नुसती गंमत होती. फळी कापली गेल्यावर मात्र दोघांनी ती गंमत कायद्यासारखी पाळायला घेतली. वाळत घातलेले कपडे आणायला माळ्यावर जायचं असलं की रोझविथा पहिली, तिसरी, पाचवी अशी ढांगा टाकत चढायची. एबरहार्ट पाव आणायला उतरताना चौदावी, बारावी, दहावी असा यायचा. पाळी कुणाचीही असो, झाडूसुद्धा आपापल्या पायऱ्यांवरच फिरायचा.

रविवारभर रोझविथा विचार करत बसली. तो गेला की हे अख्खं घर, वरून पावलांचा आवाज नाही, शनिवारी पाटी नाही, काही नाही. या वयात ते तिला सहन होणार नव्हतं. पण "जाऊ नकोस" असं म्हणायला वर जायचं? ते तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. मग सोमवारी डोक्यात लख्ख उजेड पडला. एबरहार्टचं ते शिसवी कपाट आणि लांब सोफा खाली आणायचा तर हमालांना पायऱ्या गाळून चालता येणार नाही. विषम पायऱ्यांवर पाय पडणारच. त्या आपल्या आहेत असा कागद हातात असला, तर आपण परवानगी देणार नाही. सोफा वर म्हणजे माणूसही वर.

मंगळवारी नऊच्या ठोक्याला ती नगरभवनाच्या दफ्तरखान्यात हजर झाली. तिथले दफ्तरदार श्टोट्झसाहेब म्हणजे नियमांत जन्मलेला आणि नियमांतच वाढलेला माणूस. मंगळवार ते गुरुवार सोडून इतर दिवशी ते स्वतःलासुद्धा आत घेत नसत.

"काय हवंय केखेलेबाई? पूर्वज?"

"पायऱ्या," रोझविथा म्हणाली.

"पायऱ्या वेगळ्या ठेवत नाही आम्ही. त्या पूर्वजांच्या पोटातच येतात. कुणाची मिळकत?"

"विणकर याकोब केखेले. माझ्या आजोबांच्या आजोबांचे वडील. वारले अठराशे अडतीसला."

"पेन आत ठेवा, पेन्सिल घ्या. खोकायचं असेल तर बाहेर."

चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून रोझविथाने गावाचं भयाण अक्षर वाचलं होतं, त्यामुळे जुन्या कारकुनाची वळणं तिला दोन तासांत लागली. याकोबच्या मृत्यूनंतर पंच घरात शिरले होते आणि त्यांनी कौलापासून खुंटीपर्यंत सगळं लिहून काढलं होतं. अर्धी गाय, मागची बाजू. उकिरड्याचा तिसरा हिस्सा. चर्चमधली एक बसायची जागा, खांबाआड. दोन चमचे, पैकी एक दांडीशिवाय. एक टोपी, 'अजून घालता येईल अशी'. आणि मग: 'जिना, पायऱ्या चौदा. विषम सात थोरला माथेउस यास, सम सात धाकटा क्रिस्तियान यास.'

"सापडलं!" ती ओरडली.

"हळू," श्टोट्झसाहेब म्हणाले. "पुढं वाचा. समासात काहीतरी आहे."

समासात लिहिलं होतं: 'नावं पुकारली असता धाकटा क्रिस्तियान, वय सव्वीस, गैरहजर. कारण बकरी सुटली. सबब त्याच्या मिळकतीवर पालक म्हणून थोरला भाऊ माथेउस नेमला.'

"बकरी पकडून आला असेल की तो परत," रोझविथा म्हणाली.

"आला ना. अर्ध्या तासात आला. हे बघा." श्टोट्झसाहेबांनी दुसरा गठ्ठा पुढं सरकवला. तोंडावर हसू नव्हतं, पण कानाची पाळी लाल झाली होती, ती त्यांची आनंदाची खूण. "पण तोवर कागदावर लाख ओतून मोहर झाली होती. मोहर झालेल्या कागदात खाडाखोड चालत नाही. अजूनही चालत नाही."

गठ्ठ्यात पालकाचे वार्षिक अहवाल होते. दर वर्षी एक, एक्केचाळीस वर्षं. पहिल्या वर्षी माथेउसने सरळ लिहिलं होतं की पाल्य इथंच आहे, माझ्या शेजारी बसून मटार सोलतो आहे. कचेरीचं उत्तर आलं: पाल्य सापडल्याचं दोन साक्षीदारांनी सांगावं, आणि साक्षीदार पाल्याच्या नात्यातले नसावेत. लिंडेनश्टाइगमध्ये तेव्हा तीनशे माणसं होती आणि सगळी एकमेकांच्या नात्यात. पाद्रीसुद्धा मावशीकडून जावई. क्रिस्तियानने स्वतः अर्ज केला, 'मी आहे'. त्यावर शेरा: गैरहजर व्यक्तीचा अर्ज घेता येत नाही, अभिप्रायासाठी पालकाकडे पाठवावा. पालकाचा अभिप्राय: सही पाल्याचीच दिसते, पण तो गैरहजर असल्याने खात्री देता येत नाही.

रोझविथाला हसू आवरेना. श्टोट्झसाहेबांनी बोटाने बाहेरचा दरवाजा दाखवला, म्हणून तिने रुमाल तोंडात कोंबला.

बुधवारी मात्र ते हसू ओसरलं. पाचव्या वर्षापासून माथेउसने कंटाळून एकच वाक्य लिहायला घेतलं होतं: 'पाल्याची काही खबर नाही. मिळकत ठीक.' आणि लिहिता लिहिता ते त्याच्या अंगात भिनत गेलं असावं. बाराव्या वर्षाच्या अहवालात: 'पाल्याच्या पायऱ्या पाल्यानेच झाडल्या, त्यामुळे त्याच्या गैरहजेरीला बाधा येत नाही.' एकोणिसाव्या वर्षी: 'जेवताना पाल्य मीठ मागतो. देत नाही. जो नाही त्याला मीठ देणं नियमात बसत नाही.' कोणत्या तरी गोष्टीवरून दोघांचं बिनसलंही असेल, कागदात ते नव्हतं. एका छताखाली, एका शेगडीजवळ दोन भाऊ, आणि दर वर्षी एक जण दुसऱ्याबद्दल लिहितोय की खबर नाही.

शेवटचा अहवाल थरथरत्या अक्षरात होता. 'क्रिस्तियानला मंगळवारी पुरला. पाद्री म्हणतात, गैरहजर माणूस मरत नाही, तेव्हा पालकत्व चालू ठेवावं. ठेवतो. त्याच्या पायऱ्या या वर्षी मी झाडल्या. पहिल्या वर्षानंतर मी एकदाही खरं लिहिलं नाही म्हणून आता लिहितो. तो होता.'

खाली कचेरीचा शेरा: 'विहित नमुन्यात नाही. परत.'

रोझविथाने चष्मा काढून पुसला. श्टोट्झसाहेब मात्र कायद्याचं पुस्तक उघडून बसले होते आणि त्यांचे दोन्ही कान लाल झाले होते.

"केखेलेबाई, याचा अर्थ लक्षात आला का? हे पालकत्व कुणी बंदच केलेलं नाही. सम पायऱ्या आजही क्रिस्तियानच्या आहेत. तुमच्या आईला त्या तुमच्या भावाला देताच येत नव्हत्या. आणि पालकपद माथेउसच्या वंशातल्या थोरल्याकडे. म्हणजे तुमच्याकडे."

"म्हणजे चौदाच्या चौदा..."

"विषम मालकीने, सम पालकत्वाने. तुमच्या सहीशिवाय त्या जिन्यावरून मांजरसुद्धा उतरायचं नाही. तसा दाखला देतो मी. फक्त तुमचे वार्षिक अहवाल थकलेत."

"किती?"

"एकशे पंचेचाळीस. पण घाबरू नका, एकाच कागदावर चालतील. प्रत्येक वर्षासमोर एका प्रश्नाचं उत्तर: 'पाल्याच्या पायऱ्या त्याच्या जागी बाळगणारा कुणी घरात हजर आहे काय?' कुणी नाही, असं लिहायचं. कुणी आहे म्हणालात आणि बिननात्याच्या दोघांनी साक्ष दिली, की पायऱ्या त्याच्या आणि पालकत्व खलास."

रोझविथा लिहायला बसली. पहिली सत्तर-ऐंशी वर्षं भराभर गेली, ती माणसं तिने पाहिलीच नव्हती. कुणी नाही, कुणी नाही. मग तिच्या जन्माचं वर्ष आलं आणि पेन्सिल मंदावली. एबरहार्टला खांद्यावर घेऊन बाबा गात गात जिना चढायचे, त्या वर्षासमोरही तिने 'कुणी नाही' लिहिलं. आई गुडघ्यावर बसून पायऱ्यांना मेण लावायची, त्या वर्षांसमोरही लिहिलं आणि मनातल्या मनात आईची माफी मागितली. मग शेवटची अकरा वर्षं आली. दहा ओळी तिने डोळे मिटूनच भरल्या. अकराव्या ओळीवर हात चालेना.

"चालू वर्षाचं उद्या भरलंत तरी चालेल," श्टोट्झसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. बारा वाजले होते. "जागेवर पाहणी करूनच भरा. बाराच्या आत आणून द्या. दाखल्यावर शिक्का मारलाय, तो आजच घेऊन जा."

गुरुवारी सकाळी आठला टेम्पो आला. मानहाइमचे दोन हमाल. थोरला युनुस, पोलादी छातीचा माणूस, आणि त्याचा जोडीदार. त्यांनी लांब सोफा दारातून काढून सातव्या पायरीपर्यंत आणला आणि खाली बघतात तर पहिल्या पायरीवर एक बाई एप्रन बांधून, हातात दोन कागद घेऊन उभी.

"बाजूला व्हा आजी, पायाला लागेल."

"खाली ठेवा तो सोफा. हा जिना माझा आहे."

वरून चौदाव्या पायरीवरून एबरहार्टचा आवाज आला. "काय म्हणतेय ती?"

"म्हणतात जिना त्यांचा आहे!" युनुसने वर ओरडून सांगितलं.

"सांगा तिला, निम्मा माझा."

"निम्मा त्यांचा म्हणे, आजी."

"सांगा त्याला, त्याचा निम्मा एका मेलेल्या माणसाचा आहे आणि मी त्या माणसाची पालक आहे. हा बघा शिक्का." ती पाचव्या पायरीपर्यंत चढली आणि दाखला वर धरला.

युनुसने सोफ्याखालून मान तिरकी करून शिक्का वाचला. "साहेब, शिक्का आहे खरा. बकरीबद्दल काहीतरी लिहिलंय. माझा खांदा गळून पडायला आलाय, तुम्ही दोघं एकमेकांशीच बोला ना! मी सोफा उचलायला आलोय, निरोप उचलायला नाही."

हमालांनी सोफा सातव्या-आठव्या पायरीवर टेकवला आणि घाम पुसत त्यावरच बसले. एबरहार्ट खाली यायला निघाला. चौदावी, बारावी, दहावी. प्रत्येक ढांगेला तो कठड्याला गच्च धरत होता आणि उजवा पाय मागून ओढत होता. रोझविथाने अकरा वर्षांत त्याला उतरताना समोरून पाहिलंच नव्हतं. आवाज ऐकला की ती दार लावून घ्यायची.

"तुझ्या पायाला काय झालं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

एबरहार्ट दहाव्या पायरीवर थांबला. "गुडघा. दोन्ही गेलेत, हा जास्त. डॉक्टर म्हणतात, दोन-दोन पायऱ्या कशाला उतरता? म्हणून मुलीने लिफ्टचं घर बघितलंय."

"अरे मग माझ्या पायऱ्यांवर पाय ठेवायचा होतास की!"

"तू म्हणाली असतीस तर ठेवला असता."

"तू विचारायचं होतंस."

"तू म्हणायचं होतंस."

"अल्ला," युनुसचा जोडीदार हळूच म्हणाला.

रोझविथाने हातातला अहवालाचा कागद पाहिला. शेवटची ओळ रिकामी होती. 'कुणी हजर आहे काय?' दोन शब्द लिहिले की सोफा परत वर, खोकी वर, आणि वर गुडघे धरून बसलेला हा म्हातारा, जो कागदावर नाहीच. माथेउसने तेच केलं होतं. एक्केचाळीस वर्षं माणूस धरून ठेवला होता, नाही नाही म्हणत. तिला एकदम रडू फुटलं, भर हमालांसमोर, आणि तिने ते लपवलं नाही. कागद भिंतीला टेकवून तिने शेवटच्या ओळीत लिहिलं: 'आहे. एबरहार्ट केखेले. दहाव्या पायरीवर उभा आहे.'

"युनुसभाऊ, या गावात तुमचं कुणी नातेवाईक?"

"आजी, या गावात आमचं कुत्रंसुद्धा नाही."

"मग इथं सही करा. दोघांनीही."

दोघांनी केली. पावणेदोनशेहून जास्त वर्षांत लिंडेनश्टाइगला बिननात्याचे दोन साक्षीदार मिळत नव्हते, ते सोफ्यावर बसलेले मिळाले. रोझविथाने कागद सोफ्यावरून वर दिला. एबरहार्टने तो दोनदा वाचला.

"म्हणजे आता मी जाऊ शकतो?"

"जाऊ शकतोस."

"आणि आत्तापर्यंत?"

"आत्तापर्यंत तू नव्हतास." तिने एप्रनला नाक पुसलं. "एबर, तू जावंस असं मला वाटत नाही. फार वाईट वाटतंय मला. पण त्या गुडघ्यांनी इथं राहू नकोस."

एबरहार्ट नवव्या पायरीवर उतरला. तिच्या पायरीवर. मग आठवीवरचा सोफा ओलांडता येईना म्हणून तो तिथंच उभा राहिला. शेवटी युनुसनेच सोफा उचलायची घाई केली.

दहा वाजता टेम्पो एबरहार्टला घेऊन गेला. साडेअकराला रोझविथाने कागद दफ्तरखान्यात दिला. श्टोट्झसाहेबांनी तो वाचला, दाखला परत घेतला, टराटरा फाडला आणि गठ्ठ्याला दोरी बांधली. कान पांढरे पडले होते. "चांगला होता हो दाखला," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी घर इतकं शांत होतं की तिने रेडिओ दोन खोल्यांत लावला. वरच्या दारावर पाटी तशीच लटकत होती. आठवडा एबरहार्टचा होता, पण आता तो झाडणार कुठून? शनिवारी आपणच सगळं झाडून पाटी खाली आणायची, असं तिने ठरवलं आणि ठरवून पुन्हा एकदा रडून घेतलं.

शनिवारी अकराच्या बसनंतर जिन्यात खराट्याचा आवाज आला. तिने स्वयंपाकघरात हातातली मसूर खाली ठेवली आणि कान दिला. आवाज वरून खाली येत होता, पण वेगळाच, मधे न तुटता. खराट्यामागे पावलं. ती मोजू लागली. चौदा भरली.

दारावर पाटी खटकली आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदा, टकटक झाली.

दारात एबरहार्ट, एका हातात खराटा, एका हातात पिशवी. "माझा आठवडा आजपर्यंत होता," तो म्हणाला. "अर्धवट टाकून कसा जाणार? पंधरा दिवसांनी पुन्हा माझा. बसचा पास काढलाय."

पिशवीतून त्याने फळीचा धारेकडचा तुकडा काढला आणि एक लोखंडी बिजागरी. तिने कपाटातून मूठ आणली. जोडलेली फळी मधेच वाकायची, त्यामुळे शेवया काही काडीसारख्या, काही अंगठ्याएवढ्या पडल्या. मसुरीच्या आमटीबरोबर दोघं त्या खायला बसले.

"मीठ कमी झालंय," एबरहार्ट ताटाकडे बघत म्हणाला.

रोझविथाने मिठाचं भांडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.